साथीचे रोग व परदेशप्रवास
सांसर्गिक रोगाच्या साथीत प्रवाशांमार्फत रोगप्रसार होऊ नये व प्रवाशासही बाधा होऊ नये, यासाठी योजावयाचे उपाय. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. परिणामी १८९७ मध्ये मुंबई बंदरातून हज यात्रेकरूंना नेण्यास मनाई झाली आणि त्याच वर्षी व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत प्लेगप्रतिबंधाचे नियम ठरले.

रोगाचा परिपाककाल हा अशा नियमांचा पाया होय. या काळात बाधित व्यक्ती निरोगी दिसते. म्हणून केवळ ताप नाही एवढ्यावरून तिला रोगमुक्त मानता येत नाही. पीतज्वरासाठी हा काल सहा दिवसांचा धरतात. त्याच्या प्रथम लसीकरणाचा दाखला दहा दिवसांनी ग्राह्य होतो व २०१६ पासून तो आजन्म चालतो. कोविड-१९ च्या साथीत भारताची नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानवाहतूक मार्च २०२० ते मार्च २०२२ पर्यंत स्थगित होती.

प्रवाशाने संबंधित देशाचे नियम आधी पाहावेत, लस वेळीच टोचून घ्यावी व आजारी असल्यास प्रवास पुढे ढकलावा. परतल्यावर ताप आल्यास वैद्यास प्रवासाची माहिती देणे अत्यावश्यक असते. ती लपविल्यास निदानास विलंब होऊन कुटुंबीयांसही धोका पोहोचतो.