वकिलावरची तक्रार आणि त्याचा बचाव
अशिलाने वकिलाविरुद्ध व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार केली की ती राज्याच्या बार कौन्सिलकडे जाते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ही कौन्सिल एकच आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ नुसार तक्रारीत तथ्य वाटले तरच ती तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे सोपवली जाते. आरोप खरा ठरल्यास समज, ठरावीक मुदतीसाठी निलंबन किंवा सनद कायमची रद्द, यांपैकी शिक्षा होते.

बचावाचा खरा पाया कागदपत्रांत असतो. वकीलपत्र, फीच्या पावत्या, अशिलाला पाठवलेली पत्रे आणि न्यायालयाचा रोजनामा, म्हणजे कोणत्या तारखेला कोण हजर होते याची नोंद. ‘वकील तारखेला आलेच नाहीत’ हा आरोप रोजनाम्यातील एका ओळीने कोसळू शकतो.

हरलेला खटला म्हणजे गैरवर्तन नव्हे. पुण्यातील एका वकिलाच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने चुकीचा सल्ला आणि अनुचित सल्ला यांत स्पष्ट फरक केला: नैतिक दोष नसलेली निव्वळ चूक शिक्षेला पात्र नाही. हा भेद फार मोलाचा आहे, कारण त्याविना कोणीही अवघड खटला हाती घेणार नाही. मात्र थकलेल्या फीसाठी अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवली, हा बचाव टिकत नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयानेच तसे ठरवले.

शिस्तपालन समितीच्या निकालाविरुद्ध ६० दिवसांत भारतीय बार कौन्सिलकडे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते.