विद्यार्थ्याचा मुका सोबती

पुणें-लोणावळें लोहमार्गावर वडगांव व कामशेत यांच्यामध्यें कान्हे हें लहानसें स्थानक आहे. येथून सकाळच्या लोकलनें मुलें तळेगांवास, पुण्यास महाविद्यालयांत जातात. अशा मुलांत एखाद्यास डब्यांतला गलका असह्य होतो, एखाद्यास चार ओळी वाचतांना घाम फुटतो, एखाद्यास समोरच्याच्या नजरेस नजर देववत नाहीं. बुद्धि उणी असते असें नव्हे; मेंदूची घडणच निराळी असते. घरांत मात्र त्यांस 'एकलकोंडा', 'आळशी' हींच नांवें मिळतात.

अशा विद्यार्थ्यांस शिकविलेल्या कुत्र्याची सोबत देण्याची पद्धत परदेशांतील अनेक महाविद्यालयांत रुळली आहे. तिचें मूळ मौजेचें आहे. बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा जिंगल्स नांवाचा कुत्रा एकदां खोलींत असतां, अबोल असा एक मुलगा त्याच्याशीं रमूं लागला. १९६१ सालीं लेव्हिन्सन यांनीं हा अनुभव परिषदेंत मांडला, तेव्हां कित्येक विद्वान् श्रोते हंसले! आज आपल्या मुंबई-पुण्याकडेहि 'अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन' या संस्थेनें स्वमग्न मुलांसाठीं असें कार्य केलें आहे.

कुत्रें करतें तरी काय? जवळ बसतें, पाठ थोपटून घेतें. त्यास परीक्षेचे गुण ठाऊक नसतात, उत्तराची घाई नसते. आणि मनांत एक व चेहऱ्यावर दुसरें, हा प्रकार त्याच्यापाशीं नाहीं. त्या मऊ पाठीवरून हात फिरवितांना भांबावलेल्या मुलाचा श्वास संथ होतो. सर्वांस हें मानवतें असें मात्र नाहीं. कांहींस कुत्र्याचें भुंकणें किंवा वासच सोसत नाहीं. शिवाय कुत्रें स्वभाव पारखलेलें, रेबीजची लस टोंचलेलें हवें, सोबत जाणता माणूस हवा, आणि दमल्यावर त्या मुक्या जिवास विसांवा हवा.

सोंवळ्याचा प्रश्न काढणाऱ्या आजीबाईंस आम्ही इतकेंच विचारतों, कीं श्रीदत्तांच्या तसबिरींत पायांशीं बसलेलीं चार कुत्रीं आपण रोज पाहतांच ना?

कान्ह्याच्या मुलास असा सोबती लाभला, तरी परीक्षेंत अधिक वेळ कांहीं तो मिळवून देणार नाहीं. त्यासाठीं सरकारी दाखला लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता या दोहोंचा समावेश आहे. परंतु दाखल्याची गोष्ट निघतांच, 'पुढें लग्नाचें काय?' म्हणून घरचेंच वडील माणूस आडवें येतें. आमचें मत असें, कीं हें काम आजोबांनींच अंगावर घ्यावें. मग घरांत दुसरें कोणी ब्र काढणार नाहीं.