टेस्ट सर्व्हर नाही? बॅकअप तर आहे!
सर्व्हरची निगा : भाग ७

‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ मध्यम आकाराच्या कंपन्यांच्या आयटी विभागात हे वाक्य नेहमी ऐकू येतं, आणि ते आळसातून येतं असं मला वाटत नाही. महिनाअखेरीला बिलं अडकली तर साहेबांसमोर उभं राहावं लागतं ते आयटीवाल्याला. वेळेवर अपडेट केल्याबद्दल त्याची पाठ कोणी थोपटत नाही. टेस्ट सर्व्हर मागितला की ‘पुढच्या बजेटमध्ये बघू’. मग अपडेट थकतं, आणि जितकं थकतं तितकी भीती वाढते.

भीती खोटी नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे केले. पण २७ जून २०१७ ही तारीखही आठवा. ‘नॉटपेट्या’च्या हल्ल्यात मर्स्कचं कामकाज ठप्प झालं आणि त्यात न्हावा शेव्याच्या जेएनपीटीतलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही अडकलं. हा हल्ला आत शिरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. पुढे तो पसरला चोरलेल्या पासवर्डांवर आणि विंडोजमधल्या एका भगदाडातून. त्या भगदाडावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे १०५ दिवस आधी दिलं होतं. थोडक्यात, इकडे आड, तिकडे विहीर.

मग टेस्ट सर्व्हरविना करायचं काय? माझं म्हणणं असं, की ज्याच्याकडे बॅकअप आहे त्याच्याकडे टेस्ट सर्व्हरही आहे. त्याने तो अजून उभा केलेला नाही, इतकंच. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये एका अभियंत्याच्या हातून चुकून मुख्य डेटाबेसच पुसला गेला. बॅकअपचे पाच मार्ग होते, वेळेला एकही धड उपयोगी पडला नाही. रोजचा बॅकअप तर घेतलाच जात नव्हता. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा, बॅकअपचं साधन ९.२ चं! ते अपयशी ठरल्याच्या ईमेलही निघत होत्या, पण वाटेतच नाकारल्या जात होत्या. शेवटी तारलं ते सुमारे सहा तासांपूर्वी चाचणीच्या सर्व्हरसाठी हाताने घेतलेल्या प्रतीने.

तेव्हा बऱ्यापैकी मेमरी असलेला एखादा जुना पीसी घ्या, त्यावर व्हर्च्युअल मशीन उभं करा आणि कालचा बॅकअप रिस्टोअर करा. मात्र नेटवर्कची केबल काढून. ही प्रत स्वतःला खरा सर्व्हरच समजते, वेळ झाली की पुरवठादारांना खरीखुरी स्मरणपत्रं पाठवून मोकळी होईल. लॉगिनसाठी डोमेन कंट्रोलरचीही प्रत सोबत लागेल. रिस्टोअरला किती वेळ लागला तो लिहून ठेवा.

शेअरपॉइंटचं उदाहरण घेतो, कारण तिथे लोक हमखास फसतात. त्याचं अपडेट एकदा टाकलं की काढता येत नाही. शिवाय काम दोन टप्प्यांत होतं. आधी सगळ्या सर्व्हरवर फाइली बदलायच्या, मग एकेकावर पाळीपाळीने कॉन्फिगरेशन विझार्ड चालवायचा. डेटाबेस बदलतो तो या विझार्डमुळे. मधेच थांबलात तर फाइली नव्या, डेटाबेस जुना, असा त्रिशंकू. आणि बिघडल्यावर नुसता डेटाबेस मागे नेला तरी फाइली नव्याच राहतात. म्हणून आधी सगळे सर्व्हर एकत्र बंद करून, डेटाबेससकट सगळ्यांची एकाच घडीची प्रत घ्यावी लागते. दिलासा एवढाच की नवं अपडेट मागची सगळी पोटात घेऊन येतं. दीड वर्षाची थकबाकी असली तरी ते अठरा वेळा टाकावं लागत नाही.

प्रतीवर अपडेट झालं की ‘लॉगिन होतंय’ यावर समाधान मानू नका. अकाउंट्समधल्या आणि स्टोअर्समधल्या एकेकाला समोर बसवून बिलाची मंजुरी, शोध, प्रिंट ही रोजची कामं करून घ्या. व्हेंडरने बनवून दिलेले वेब पार्ट बहुधा इथेच मोडतात.

प्रत्यक्ष काम शनिवारी रात्री. सोमवारी सकाळी ९ पासून मागे मोजत या, रिस्टोअरचा लिहून ठेवलेला वेळ आणि थोडी सवड वजा करा. त्या क्षणी काम पुरं झालेलं नसेल तर मागे फिरायचं, आणि हे साहेबांकडून आधीच लेखी घ्यायचं. ‘आणखी अर्धा तास, होतंय’ म्हणणारा नेमका तेव्हाच भेटतो.

तोवर थकलेला सर्व्हर निदान इंटरनेटवर उघडा ठेवू नका, व्हीपीएनमागे घ्या. जुलै २०२५ मध्ये शेअरपॉइंटवर हल्ले झाले तेव्हा चोरांनी सर्व्हरच्या मशीन की पळवल्या. अशा ठिकाणी नंतर अपडेट टाकूनही, की बदलल्याशिवाय त्यांची ये-जा थांबत नव्हती.

आपली आवृत्ती कोणती, तेही आजच पाहून घ्या. शेअरपॉइंट २०१६ आणि २०१९ या दोन्हींसाठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेली सपोर्टची मुदत १४ जुलै २०२६ ची आहे.