काळ्या वाळूतील अडलेले इलेक्ट्रॉन

डहाणू-तलासरीच्या परिसरात आढळणारा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून तो बनला. त्याची झीज होऊन ओढ्यात जमलेल्या कोरड्या वाळूतून कागदात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवला, की काळे कण चिकटतात. हे बहुतांशी टायटॅनियममिश्रित मॅग्नेटाइट. शुद्ध मॅग्नेटाइट हे लोह आणि ऑक्सिजन यांचे संयुग असून ते बऱ्यापैकी वीज वाहून नेते. याच दोन मूलद्रव्यांचे हेमॅटाइट मात्र जवळजवळ दुर्वाहक आहे. असे का?

मुक्त इलेक्ट्रॉन असले की सुवाहक, नसले की दुर्वाहक, असे आपण शिकवतो. परंतु निकेल ऑक्साइड हिशेबाने सुवाहक ठरायला हवे, प्रत्यक्षात ते दुर्वाहक आहे. ही अडचण 1937 मध्ये द बोअर आणि व्हेरवे यांनी दाखवली. इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात, हे त्यामागचे कारण मॉट आणि पायर्ल्स यांनी त्याच वर्षी सुचवले.

परीक्षेचा वर्ग आठवा. एका बाकावर एकच विद्यार्थी. शेजारच्या बाकावर जाऊ म्हटले तर तेथला बसू देत नाही. कोणाला बांधलेले नाही, तरी कोणी हलत नाही. इलेक्ट्रॉनांच्या अशा परस्परावलंबी वागण्याला आम्ही 'प्रबळ सहसंबंध' म्हणतो.

मॅग्नेटाइटच्या स्फटिकात लोहाच्या काही विशिष्ट जागा असतात. त्यांतील निम्म्या जागांवर एकेक इलेक्ट्रॉन जादा असतो. जणू निम्म्या बाकांवर एकेक जादा विद्यार्थी! तो शेजारच्या बाकावर सरकू शकतो. म्हणून वीज वाहते. तांबे थंड केले की अधिक चांगले वाहक बनते. मॅग्नेटाइटचे उलट होते. सुमारे उणे 150 अंश सेल्सिअसला त्याची वाहकता एकदम शंभरेक पटींनी घटते, असे व्हेरवे यांनी 1939 मध्ये सांगितले. जादा इलेक्ट्रॉन तेथे ठराविक रचनेत अडकून पडतात. ही रचना नेमकी कशी, हा वाद अनेक दशके चालला. 2012 मध्ये एडिंबरो विद्यापीठातील ॲटफिल्ड यांच्या गटाने दाखवले, की असा इलेक्ट्रॉन एका रेषेतील तीन लोह आयनांवर पसरलेला असतो.

विद्यार्थ्यांनी ओढ्यातील कण विजेरी आणि दिव्याला जोडून पाहिले, तर दिवा बहुधा लागणार नाही. कण एकमेकांना जेमतेम टेकतात, शिवाय ते शुद्धही नसतात. त्यावरून मॅग्नेटाइट दुर्वाहक ठरवू नये. पदार्थात इलेक्ट्रॉन किती आहेत, एवढेच विचारून भागत नाही. ते एकमेकांना वाट देतात का, हेही विचारावे लागते.