सण त्यांचा, थट्टा कोणाची?

५ डिसेंबरच्या रात्री आपले लाखो बांधव चैत्यभूमीच्या वाटेवर असतात. कोणी रेल्वेच्या डब्यात उभे असते, कोणी दादरच्या रांगेत. त्याच रात्री युरोपातील नेदरलँड्स, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो त्या देशात, घरोघरी मुले भेटवस्तूंची वाट पाहत असतात. ६ डिसेंबर हा ख्रिस्ती धर्मातील संत निकोलसचा दिवस. त्याच्या आदल्या संध्याकाळी तिकडे 'सिंटरक्लास'चा सण साजरा होतो. मुलांचा सण आहे, आनंदाचा सण आहे. त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती त्या संताच्या मागून चालणाऱ्या नोकराबद्दल.

नोव्हेंबरच्या मध्यावर हा संत स्पेनहून आगबोटीने येतो, असे मुलांना सांगितले जाते. पांढरी दाढी, बिशपचा लाल झगा, हातात दंड, बसायला पांढरा घोडा. गावोगावी त्याची मिरवणूक निघते. त्याच्याभोवती उड्या मारणारे, कोलांट्या घेणारे, मुलांच्या अंगावर खाऊ उधळणारे जे सेवक असतात त्यांचे नाव 'झ्वार्ते पीट', म्हणजे काळा पीट. पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्या माणसांनी तोंडाला काळा रंग फासून, ओठ जाड आणि लालभडक रंगवून, कुरळ्या केसांचा टोप घालून आणि कानात सोन्याची कडी अडकवून हा पीट रंगवला. मालक गोरा, वृद्ध आणि ज्ञानी. नोकर काळा, खुळा आणि हसवणारा. पूर्वी याच पीटच्या हातात छडी आणि पाठीवर पोते असे. खोडकर मुलांना पोत्यात घालून स्पेनला नेण्याची भीती घातली जाई.

ही परंपरा किती जुनी? तिचे समर्थक शेकडो वर्षांच्या गोष्टी सांगतात. परंतु संतासोबत काळा नोकर ज्या रूपात आज ओळखला जातो, ते रूप रूढ झाले १८५० सालच्या एका पुस्तकाने. ॲम्स्टरडॅमचे शाळामास्तर यान शेंकमान यांनी मुलांसाठी संत निकोलस आणि त्याच्या नोकरावर सचित्र पुस्तक लिहिले. आगबोटही त्याच पुस्तकाने आणली. आता हे साल कोणते, ते वाचकांनी लक्षात घ्यावे. इंग्रजांनी आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा १८३३ साली केला, फ्रेंचांनी १८४८ साली. डचांनी मात्र सुरिनाम आणि कॅरिबियन बेटांवरील गुलामगिरी रद्द केली ती १ जुलै १८६३ रोजी. म्हणजे डच मुले काळ्या नोकराचे पुस्तक वाचत होती, तेव्हा त्यांच्याच देशाचे मळेवाले काळी माणसे विकत घेत होते आणि विकत होते.

मुक्तीसुद्धा कशी दिली? सुरिनाममध्ये दर गुलामामागे ३०० गिल्डर भरपाई मिळाली, ती मालकाला! ज्याची हाडे मळ्यात झिजली त्याला दमडी मिळाली नाही. उलट त्याला आणखी दहा वर्षे सरकारी देखरेखीखाली, करार करून राबावे लागले. १८७३ साली तीही मुदत संपली आणि त्याच वर्षी 'लल्ला रूख' नावाचे जहाज कलकत्त्याहून हिंदी मजूर घेऊन सुरिनामला लागले. पुढे १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार गरीब हिंदी माणसे त्या मळ्यांवर गेली. काळ्या गुलामांनी सोडलेल्या कोयत्याची मूठ आपल्याकडील दरिद्री माणसाच्या हाती देण्यात आली. म्हणून हा प्रश्न दूरच्या देशाचा आहे, असे म्हणून आम्हाला मान फिरवता येत नाही.

१९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाला. त्या सुमारास हजारो सुरिनामी कुटुंबे हॉलंडमध्ये येऊन स्थायिक झाली. त्यांची मुले डच शाळांत जाऊ लागली आणि दरवर्षी नोव्हेंबर आला की वर्गात, रस्त्यात, बसमध्ये त्यांना "पीट आला, पीट आला" म्हणून चिडवले जाऊ लागले. त्यांनी तक्रार केली की एकच उत्तर ठरलेले: हा तर मुलांचा खेळ आहे, यात द्वेष कोठे आहे? पीट काळा आहे तो धुराड्यातून उतरल्यामुळे, ती काजळी आहे! वा रे काजळी! जी तोंड काळे करते, पण कपड्यांना डाग लावत नाही. जी ओठ लाल करते, केस कुरळे करते आणि कानात कडी घालते! आपल्याकडेही अस्पृश्यतेला स्वच्छतेचे कारण देणारे पंडित झालेच ना? अन्यायाला अब्रूदार कारण शोधून देण्याची कला सर्व देशांत सारखीच आहे.

२०११ च्या नोव्हेंबरमध्ये डॉर्ड्रेख्ट शहरात मिरवणूक पाहायला दोन तरुण कलावंत गेले. एक क्युरासाव बेटावर जन्मलेला क्विन्सी गारिओ, दुसरा घानात जन्मलेला जेरी आफ्रियी. त्यांच्या बनियनवर 'काळा पीट म्हणजे वंशवाद' एवढीच अक्षरे होती. दगड नव्हता, घोषणा नव्हती. पोलिसांनी त्यांना अटक केली. गारिओला जमिनीवर पाडून धरल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. दोन वर्षांनी, २०१३ साली, पीटच्या समर्थनार्थ फेसबुकवर पान उघडले, तर काही दिवसांत वीस लाखांहून अधिक लोकांनी त्यावर पसंतीची मोहोर उठवली. पावणेदोन कोटींच्या आसपास लोकसंख्येचा तो देश! बहुमत कोणाच्या बाजूने होते, हे सांगायला नको.

प्रकरण न्यायालयात गेले. येथे आम्ही वकील या नात्याने थोडे थांबतो. ॲम्स्टरडॅमच्या महापौरांनी २०१३ च्या मिरवणुकीला दिलेल्या परवान्याला आव्हान दिले गेले. जुलै २०१४ मध्ये तेथील न्यायालयाने सांगितले की काळा पीट ही कृष्णवर्णीयांची अवमानकारक प्रतिमा आहे, तिच्यामुळे त्यांच्या खाजगी जीवनाच्या हक्काला बाधा येते आणि महापौरांनी परवान्याचा फेरविचार करावा. पण त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला 'कौन्सिल ऑफ स्टेट' या वरिष्ठ पीठाने तो निकाल फिरवला. कारण काय? महापौराला केवळ सार्वजनिक सुव्यवस्था आणि सुरक्षितता पाहण्याचा अधिकार आहे, मिरवणुकीचा आशय तपासण्याचा नाही. पीट वंशवादी आहे की नाही, या प्रश्नाला त्या पीठाने उत्तरच दिले नाही. दार ठोठावणाऱ्याला 'हे दार तुमचे नाही' एवढेच सांगण्यात आले. न्यायालयाच्या पायरीवर आयुष्य घालवलेल्या आम्हाला ही भाषा परिचयाची आहे.

परंतु ते लोक घरी बसले नाहीत. २०१४ च्या गौदा येथील मिरवणुकीत नव्वद जणांना अटक झाली. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने डच सरकारला या प्रतिमेतील अवमानकारक भाग दूर करण्यास सांगितले. २०१६ साली त्या देशाच्या बालहक्क लोकपालांनी स्पष्ट केले की काळ्या पीटमुळे मुलांची छळणूक आणि भेदभाव होऊ शकतो आणि ते बालहक्क कराराशी विसंगत आहे. २०१७ साली डोक्कुमला शांततेने निदर्शने करण्यास निघालेल्या लोकांच्या बसगाड्या महामार्गावर अडवण्यात आल्या. पुढच्या वर्षी अडवणाऱ्या ३४ जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. २०१९ साली दूरचित्रवाणीवरून दाखवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय मिरवणुकीत काळ्या पीटऐवजी गालावर काजळीचे दोन-चार फराटे ओढलेले पीट आले. जे पंतप्रधान मार्क रुटे २०१४ साली या प्रश्नावर विनोद करत होते, त्यांनीच जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, आपले मत बदलल्याची कबुली संसदेत दिली. लहान मुलांनी त्यांना भेटून आपल्याला काय वाटते ते सांगितले होते. १९ डिसेंबर २०२२ रोजी त्यांनी गुलामगिरीबद्दल सरकारतर्फे माफी मागितली आणि १ जुलै २०२३ रोजी राजानेही मागितली.

आणि सणाचे काय झाले? सण बुडाला काय? मुळीच नाही. आगबोट येते, घोडा येतो, मुले बुटात गाजर ठेवतात, खाऊ मिळतो. गेला तो फक्त अपमान. काही गावांत तो अजून चिवटपणे टिकून आहे, पण आता त्याला स्वतःचे समर्थन करत बसावे लागते. पूर्वी समर्थन करण्याची पाळी अपमानितावर होती. हा फरक लहान नाही.

आम्हाला येथे महाडची आठवण होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षाच्या अखेरीस स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला. त्यांचा बचाव काय होता? हाच, की ही आमची परंपरा आहे, अस्पृश्यांनी तळ्याला न शिवण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे. दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की अशी अनादि रूढी सिद्ध झालेली नाही. परंपरेला 'तुझे वय काय' असे विचारले की ती कशी चाचरते, हे त्या निकालात दिसते. पीटचेही तेच झाले. अनादि म्हणणारा पीट १८५० चा निघाला!

तरीही वय हा शेवटचा प्रश्न नव्हे. रूढी हजार वर्षांची सिद्ध झाली असती, म्हणून ती न्याय्य ठरली असती काय? म्हणूनच बाबासाहेबांनी घडवलेल्या संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये 'कायदा' या शब्दात रूढी आणि परिपाठ यांचाही समावेश आहे. रूढी मूलभूत हक्कांच्या विरोधात गेली की तेवढ्यापुरती ती शून्य. कोणी आपल्या घरात काय रंग फासावा, यात कायद्याने नाक खुपसू नये असेच आमचे मत आहे. पण नगरपालिकेचा रस्ता, सरकारी शाळा, सार्वजनिक दूरचित्रवाणी ही सर्वांची आहेत. चवदार तळे जसे सर्वांचे होते, तशीच. सर्वांच्या पैशाने, सर्वांच्या जागेत एकाची थट्टा करून दुसऱ्याने सण साजरा करायचा, हे चालणार नाही.

आता आम्ही स्वतःकडे वळतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. संस्था आपल्याच विचारांच्या मंडळींची. मंचावर बुद्ध, फुले, शाहू, आंबेडकर यांच्या प्रतिमा. स्वागत झाले, भाषणे झाली आणि मग 'आदिवासी नृत्य' सुरू झाले. दहा-बारा मुले तोंडाला, हातापायांना काळा रंग फासून, कमरेला पाने बांधून, भाले नाचवत 'झिंगालाला' करत मंचावर उड्या मारू लागली. पालक हसले. आम्हीही हसलो आणि टाळ्या वाजवल्या. आमच्या शेजारी डहाणूकडचा एक वारली कार्यकर्ता बसला होता. तो हसला नाही. परतताना गाडीत तो एवढेच म्हणाला, "वकीलसाहेब, आमच्याकडं तारपा वाजतो, बायाबापे हात धरून फेर धरतात. असं माकडावानी कोणी नाचत नाही."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. मुलांनी गंमत म्हणून केले, कोणाचा द्वेष नव्हता, दरवर्षीच करतात, ही तिन्ही वाक्ये ओठांवर आली होती. ही तिन्ही वाक्ये डच लोकांचीच होती, हे तेव्हा लक्षात आले. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील निग्रो नेते डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य दाखवले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. त्या वारशाचे आम्ही वारसदार, आणि आमच्याच मंचावर काळा रंग ही हसण्याची वस्तू झाली होती!

कोणी म्हणेल, शिष्यवृत्त्या अडल्या आहेत, अत्याचाराचे खटले पडून आहेत, आणि तुम्ही रंगाचे काय घेऊन बसलात? आमचे म्हणणे असे की ज्याच्यावर हसायला मुलाला पाचव्या वर्षी शिकवले, त्याचे दुःख त्याला तिसाव्या वर्षी खरे वाटत नाही. मग ते मूल पुढे मास्तर होवो, फौजदार होवो की न्यायाधीश. थट्टा आणि अत्याचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत खऱ्या, पण थट्टेने तयार झालेले मनच पुढे अत्याचाराची फिर्याद हसण्यावारी नेते.

म्हणून या हिवाळ्यात स्नेहसंमेलनांची तयारी सुरू होईल तेव्हा आपल्या शिक्षकांनी आणि पालकांनी एक काम करावे. रंगाची डबी उघडण्यापूर्वी विचारावे, आपण ज्याचे सोंग घेतो आहोत तो माणूस पहिल्या रांगेत येऊन बसला, तर त्याच्याकडे पाहून आपल्याला नाचता येईल काय? येत असेल तर खुशाल नाचावे. येत नसेल तर डबी मिटावी आणि तारपा वाजवणाऱ्याला सन्मानाने मंचावर बोलवावे. आम्ही त्या शाळेला तसे लेखी कळवले आहे. टाळ्या आम्हीही वाजवल्या होत्या, हेही त्या पत्रात लिहिले आहे.

जयभीम!