शपथ आणि सोळावं वरीस

भोर तालुक्यातल्या रायरेश्वरावर १६४५ मध्ये शिवरायांनी सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ घेतली, असं परंपरा सांगते. तेव्हा त्यांचं वय जेमतेम पंधरा. भोर-वेल्ह्याच्या मुलांना शपथेचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. पण ती शपथ शिवरायांनी स्वतः निवडली होती, आणि काहीतरी घडवण्यासाठी घेतली होती.

वर्गात उभं करून वदवून घेतलेल्या शपथेचं काय होतं? फेब्रुवारी २०२० मध्ये चांदूर रेल्वेच्या एका महाविद्यालयात मुलींना प्रेमविवाह न करण्याची शपथ देण्यात आली. मुलांना मात्र कोणी शपथ घालत नाही, हे मला खुपतं.

अमेरिकेत लग्नापर्यंत ब्रह्मचर्य पाळण्याच्या शपथा लाखो किशोरांनी घेतल्या. संशोधक जॅनेट रोझेनबॉम यांनी शपथ घेतलेल्यांची तुलना अगदी त्यांच्यासारख्याच घरच्या, विचारांच्या, पण शपथ न घेतलेल्या मुलांशी केली. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांच्या लैंगिक वर्तनात फरक नव्हता. शपथ घेतलेल्यांपैकी ८२ टक्के मुलं तर आपण शपथ घेतलीच नव्हती म्हणत होती. काळजीची गोष्ट पुढेच आहे: शपथ घेतलेल्यांत निरोध आणि गर्भनिरोधकांचा वापर कमी होता. जे करायचंच नाही, त्याची माहिती कोण घेणार?

सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांना ही माहिती देणारी ‘मैत्री’ क्लिनिक असतात. पालकांनो, शपथ घालण्याआधी मुलांना तिथला रस्ता दाखवा.