विश्लेषण : ‘ट्रक कॅम्पर’ घेताना चकाकीपेक्षा बांधणी आणि कारखान्याची सेवा महत्त्वाची का?

पिकअप ट्रकच्या हौद्यात बसणारे छोटे घर, म्हणजे ‘ट्रक कॅम्पर’, ही उत्तर अमेरिकेतील भटक्यांची जुनी आवड. सुट्टीत राष्ट्रीय उद्याने पालथी घालणाऱ्या तेथील मराठी कुटुंबांनाही हे वाहन परके नाही. मात्र त्यासाठी मोजावी लागणारी रक्कम मोठी असते आणि खरेदीतील चूक पहिल्या एक-दोन पावसाळी सहलींतच उघडी पडते. प्रदर्शनात दिसणारी गादी, दिवे आणि टीव्ही यांपेक्षा भिंतीच्या आत काय आहे आणि बिघाड झाल्यावर फोन कोण उचलणार, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे का ठरतात?

ट्रक कॅम्पर म्हणजे नेमके काय?

ट्रक कॅम्परला स्वतःचे इंजिन नसते आणि चाकेही नसतात. तो पिकअपच्या हौद्यात सरकवून साखळ्या किंवा ताण देणाऱ्या आकड्यांनी घट्ट बांधला जातो. मुक्कामी पोहोचल्यावर चार कोपऱ्यांतील जॅकवर उभा करून खालून ट्रक मोकळा करता येतो. बिछाना बहुधा ट्रकच्या टपावर पुढे आलेल्या भागात असतो. स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, हीटर, पाण्याच्या टाक्या आणि अनेकदा स्वच्छतागृह, इतका संसार आठ-दहा फुटांच्या जमिनीवर मांडलेला असतो. छप्पर खाली दुमडता येणारे हलके कॅम्पर, पक्क्या भिंतींचे कॅम्पर आणि सरकत्या कप्प्यांचे मोठे कॅम्पर असे त्यांचे ढोबळ प्रकार आहेत. साध्या घडीच्या कॅम्परची किंमत २० हजार डॉलरच्या आसपास असते, तर मोठ्या कॅम्परची ६० हजार डॉलरच्याही पुढे जाते. ट्रकचा खर्च वेगळा.

बांधणीचा प्रश्न इतका गंभीर का?

घर एका जागी उभे असते. कॅम्पर ताशी १०० किलोमीटर वेगाने धावतो आणि जंगलातल्या कच्च्या वाटेवर पिळवटला जातो. या हालचालीने सांधे सैल होतात आणि तेथून पाणी शिरते. कॅम्परचा सर्वात मोठा शत्रू अपघात नव्हे, तर गळती. छताच्या कडा, खिडक्या, हवा खेळण्यासाठीची झाकणे, टपावरच्या भागाचे नाक आणि जॅक बसवलेले कोपरे या तिच्या नेहमीच्या जागा. पाणी भिंतीत शिरल्यावर ते बाहेरून बराच काळ दिसत नाही. दरम्यान आतले लाकूड कुजते, चिकटवलेले थर सुटतात आणि भिंतीला फुगवटे येतात. फुगवटा दिसेपर्यंत दुरुस्तीचा खर्च अनेकदा कॅम्परच्या उरलेल्या किमतीच्या जवळ पोहोचलेला असतो. जॅकचे कोपरे कमकुवत झाले, तर प्रश्न सुरक्षिततेचाही होतो. कारण ट्रकमधून उतरवलेला टनभराहून अधिक भार याच कोपऱ्यांवर उभा असतो.

बांधणीचे प्रकार कोणते?

पहिला प्रकार लाकडी सांगाडा आणि बाहेरून पन्हाळीदार अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. हा स्वस्त असतो आणि खराब झालेला भाग बदलता येतो, पण सांधे अधिक असतात आणि ओल लागली की लाकूड सडते. दुसरा प्रकार थरांच्या भिंतींचा. यात अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यात फोम भरून दोन्ही बाजूंनी फायबरचे पत्रे दाबाखाली चिकटवतात. अशी भिंत हलकी, सपाट आणि उबदार असते. मात्र पत्र्याखाली पातळ प्लायवूड आहे की पाणी न शोषणारा कृत्रिम थर, यावर तिचे आयुष्य ठरते. तिसरा प्रकार साच्यातून काढलेल्या फायबरग्लासच्या दोन अर्ध्या कवचांचा. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील बिगफूट आणि नॉर्दर्न लाइट या कंपन्या त्यासाठी ओळखल्या जातात. छताला सांधा जवळजवळ नसल्याने गळतीच्या जागा कमी होतात; किंमत आणि वजन मात्र वाढते. घडीच्या कॅम्परमध्ये कॅलिफोर्नियातील फोर व्हील कॅम्पर्सप्रमाणे जोडकाम केलेला अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा वापरला जातो. तो रस्त्याच्या पिळाबरोबर थोडा लवचीक राहतो. कोणताही प्रकार सर्वांसाठी श्रेष्ठ नाही. हिवाळ्यात रॉकी पर्वतात जाणाऱ्याची गरज वेगळी आणि उन्हाळ्यात आठवडाअखेर समुद्रकिनारी जाणाऱ्याची वेगळी.

वजनाचे गणित का चुकते?

माहितीपत्रकात छापलेले ‘कोरडे वजन’ बहुतेकदा रिकाम्या, जादा सोयी नसलेल्या कॅम्परचे असते. एक उदाहरण पाहू. समजा, ट्रकच्या चालकाच्या दाराजवळील पट्टीवर वाहनक्षमता ३,९०० पौंड लिहिली आहे आणि कॅम्परचे कोरडे वजन २,९०० पौंड आहे. हजार पौंड हाताशी आहेत, असे वाटते. पण ४० गॅलन पाण्याचे ३३४ पौंड, गॅसच्या दोन भरलेल्या टाक्यांचे ७४, दोन बॅटऱ्यांचे १२०, वातानुकूलन व छत्री यांसारख्या जादा सोयींचे २००, चार माणसांचे ६०० आणि अन्न, कपडे, भांडी, अवजारे यांचे ४०० पौंड मिळवले, तर बेरीज ४,६२८ पौंडांवर, म्हणजे सुमारे २,१०० किलोवर जाते. क्षमतेपेक्षा ७२८ पौंड, म्हणजे ३३० किलो जास्त. याचा ताण टायर, ब्रेक आणि मागच्या आसावर येतो.

अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार कॅम्परवर वजनाची पट्टी लावणे उत्पादकावर बंधनकारक आहे. त्या वजनात प्रमाणित उपकरणे, पाणी आणि गॅस धरलेले असतात. जादा सोयी मात्र वेगळ्या मोजाव्या लागतात. तसेच कॅम्परचा गुरुत्वमध्य ट्रकच्या हौद्यात कोणत्या मर्यादेत यावा, ही माहितीही ट्रक उत्पादकाने द्यायची असते. म्हणून माहितीपत्रक बाजूला ठेवून या दोन्ही पट्ट्या वाचाव्यात आणि खरेदीनंतर भरलेला ट्रक काट्यावर नेऊन तोलून घ्यावा.

प्रमाणपत्राचा शिक्का पुरेसा नाही का?

अमेरिकेत दाराशेजारी बहुधा ‘आरव्ही इंडस्ट्री असोसिएशन’ या उद्योगसंघटनेचा शिक्का दिसतो. तो पाहून अनेक ग्राहक निश्चिंत होतात. पण हा शिक्का प्रामुख्याने ‘एनएफपीए ११९२’ या मानकाच्या पालनाचा असतो. त्यात आगीपासून संरक्षण, गॅसजोडणी, नळजोडणी अशा सुरक्षिततेच्या बाबी येतात. वीजजोडणीसाठी वेगळी मानके आहेत. छत दहा वर्षे टिकेल का, कपाटाचे बिजागर निखळेल का, याची हमी त्यात नसते. टिकाऊपणा हा सर्वस्वी उत्पादकाच्या शिस्तीचा भाग आहे. मागणी उसळली की ही शिस्त ताणली जाते. करोनाकाळात घराबाहेरच्या पर्यटनाची ओढ वाढली आणि २०२१ मध्ये अमेरिकेतील कारखान्यांतून सर्व प्रकारची मिळून सहा लाखांहून अधिक आरव्ही वाहने बाहेर पडली. २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ३ लाख १३ हजारांवर आला. त्यामुळे वापरलेला कॅम्पर घेताना तो कोणत्या वर्षी बांधला गेला, हेही विचारात घ्यावे.

कारखान्याची सेवा म्हणजे काय? विक्रेता पुरेसा नाही का?

मोटारीप्रमाणे कॅम्परच्या सेवा केंद्रांचे दाट जाळे नसते. बिघाड झाल्यावर विक्रेता छायाचित्रे काढून कंपनीला पाठवतो. कंपनी कामाचे तास आणि सुटे भाग मंजूर करते आणि मगच दुरुस्ती सुरू होते. अनेक विक्रेते स्वतःकडून घेतलेल्या ग्राहकांना आधी वेळ देतात. उन्हाळ्याच्या ऐन हंगामात ही वाट काही आठवड्यांची होऊ शकते आणि कुटुंबाची वर्षातली एकमेव मोठी सुट्टी वाया जाते.

काही उत्पादक, विशेषतः छोटे, कॅम्पर थेट आपल्या कारखान्यात दुरुस्तीला घेतात. वायर कुठून गेली आहे, भिंतीत आधार कुठे आहे, हे बांधणाऱ्यालाच ठाऊक असते. साचे आणि मूळ माप त्याच्याकडेच असते. म्हणून छत, भिंत, सांगाडा यांच्या कामासाठी कारखाना हा सर्वोत्तम पर्याय ठरतो. अडचण अंतराची आहे. ट्रक कॅम्परचे बरेच नावाजलेले उत्पादक कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन आणि ब्रिटिश कोलंबिया या पश्चिमेकडच्या पट्ट्यात आहेत. न्यूजर्सीतील एडिसनमध्ये राहणाऱ्याला ओरेगनमधला कारखाना चार हजारांहून अधिक किलोमीटर दूर पडतो. अशा ग्राहकाने कारखान्याच्या कौतुकाबरोबर जवळच्या विक्रेत्याची दुरुस्तीची क्षमताही तपासली पाहिजे. याउलट कारखान्यापासून एका दिवसाच्या अंतरावर राहणाऱ्याला थोडी जास्त किंमत मोजूनही सौदा परवडू शकतो.

कंपनी टिकेल का, हाही प्रश्न आहेच. २००६ मध्ये अमेरिकेत ३ लाख ९० हजार आरव्ही वाहने तयार झाली होती. मंदीत, २००९ मध्ये, ही संख्या १ लाख ६५ हजारांपर्यंत घसरली. त्याच वर्षी फ्लीटवूडसारखी बडी कंपनी दिवाळखोरीत गेली. उत्पादकच नाहीसा झाला, तर वॉरंटीचा कागद फारसा उपयोगी पडत नाही.

वॉरंटी आणि कायदा किती साथ देतात?

साधारणतः कॅम्परच्या बांधणीवर एक वर्षाची वॉरंटी असते. काही कंपन्या सांगाड्यासाठी जास्त मुदत देतात. फ्रिज, हीटर, वातानुकूलन यांची वॉरंटी त्या-त्या उपकरणाच्या कंपनीची असते. त्यामुळे एकाच बिघाडासाठी ग्राहकाला तीन दारे ठोठवावी लागू शकतात. अनेक वॉरंट्या दुसऱ्या मालकाला लागू होत नाहीत. सांध्यांवरील सीलंटची वेळच्या वेळी देखभाल केली नाही किंवा कॅम्परमध्ये कायम वास्तव्य केले, तर दावा नाकारण्याची तरतूदही आढळते. १९७५च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्याने लेखी वॉरंटीच्या अटी स्पष्ट असण्याचे बंधन घातले आहे. सदोष वाहन परत घेण्याचे राज्यांचे ‘लेमन’ कायदे मात्र मुख्यतः मोटारवाहनांसाठी आहेत. इंजिन नसलेला कॅम्पर त्यांत बसतोच असे नाही. म्हणजे ग्राहकाचे खरे संरक्षण सही करण्यापूर्वीच्या तपासणीत आहे.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

शिडी मागून छतावरचे सांधे पाहावेत. ओटे आणि बाकांखालची झाकणे उघडून वायरी नीट बांधल्या आहेत का, नळ्यांना आधार आहे का, कापलेल्या कडा स्वच्छ आहेत का, हे पाहावे. जिथे ग्राहकाची नजर जाणार नाही, तिथेच कारागिराची शिस्त कळते. टपावरच्या भागाचा तळ आणि जमिनीचे कोपरे दाबून पाहावेत. वापरलेल्या कॅम्परमध्ये ओल मोजणारे यंत्र भिंतीला लावावे आणि कुबट वासाकडे दुर्लक्ष करू नये. कॅम्परमध्ये हवा भरून बाहेरून साबणपाणी लावण्याची गळतीचाचणीही उपलब्ध आहे. बुडबुडा दिसला तिथे भोक. स्वतंत्र निरीक्षकाची फी भविष्यातील दुरुस्तीच्या तुलनेत किरकोळ असते.

कारखान्यालाही आधीच फोन करावा. फोन कोण उचलतो, किती दिवसांत उत्तर मिळते, दहा वर्षे जुन्या कॅम्परचे भाग मिळतात का, कारखान्यात दुरुस्तीला किती प्रतीक्षा आहे, वाहतुकीचा खर्च कोणाचा, हे विचारावे आणि उत्तरे लेखी घ्यावीत. पैसे भरण्यापूर्वी टोलवाटोलवी करणारी कंपनी नंतर सुधारण्याची शक्यता कमीच. ताबा घेताना हीटर, फ्रिज, पंप, जॅक सर्व चालवून पाहावे. पहिली रात्र विक्रेत्याच्या जवळपासच काढावी, म्हणजे राहिलेल्या त्रुटी दुसऱ्या दिवशी दाखवता येतात.

भारतात असे वाहन शक्य आहे का?

टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस यांसारखे पिकअप भारतात मिळतात, पण ट्रक कॅम्परची बाजारपेठ जवळपास नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करण्यास मनाई करते. ‘मोटर कॅराव्हॅन’साठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले असून येथे भर अशा स्वयंचलित वाहनांवर आहे. मात्र हौशीने कॅराव्हॅन बांधून घेणाऱ्यालाही हेच प्रश्न विचारावे लागतील : मंजूर वजन किती, भिंतीत काय आणि कोकणातल्या पावसात छप्पर गळले तर दुरुस्त कोण करणार?